फेनॉलिक संयुगे आणि मेटाबॉलिक सिंड्रोम: या चुका टाळा

‘गुळात अँटिऑक्सिडंट असतात ना?’ हा प्रश्न कोल्हापुरात आहारसल्ला देताना मला इतक्या वेळा ऐकावा लागतो की, आता उत्तराआधी मी समोरच्याचा रक्ततपासणीचा अहवाल मागते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटर किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) १५० किंवा अधिक, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, रक्तदाब १३०/८५ किंवा त्यावर आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४०, स्त्रियांत ५० पेक्षा कमी, या पाचांपैकी कोणतीही तीन लक्षणे असली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. घरी मोजपट्टी असूनही घेर न मोजता बहुतेक जण थेट ‘काय घेऊ?’ असेच विचारतात.

गुळात फेनॉलिक संयुगे, म्हणजे वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट घटक, असतात हे खरेच आहे, आणि काळसर गुळात ती बहुधा अधिक असतात. परंतु ती मिलिग्रॅममध्ये मोजावी लागतात, तर त्याच खड्यातील साखर ग्रॅममध्ये. माझ्या सासरच्या एका काकांचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होते. त्यांनी चहातील दोन चमचे साखर मोठ्या अभिमानाने बंद केली आणि तिच्या जागी गूळ, सकाळी भाकरीबरोबर काकवी व जेवणानंतर ‘पचनाला’ म्हणून आणखी एक खडा सुरू केला. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड वाढलेले पाहून त्यांनी प्रयोगशाळेला दोष दिला, दुसरीकडे पुन्हा रक्त दिले, आणि तिथेही तोच आकडा आला. सुक्रोजचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि ते जास्त झाले की यकृत त्याची चरबी करते. ते उसाच्या रसातून आले की गुळातून, हे यकृत विचारत नाही. काकांना हे पटवायला मला एक पूर्ण दिवाळी लागली. गूळ आवडतो म्हणून खावा, तोही मोजून. औषध म्हणून मुळीच खाऊ नये.

दुसरी चूक अधिक वाईट, कारण ती कष्ट घेऊन केली जाते. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढले जाते, चोथा टाकला जातो आणि ती पांढरी, गुळगुळीत खीर मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसाला ‘पौष्टिक’ म्हणून दिली जाते. नाचणीतील फेनॉलिक संयुगे मुख्यतः तिच्या तांबूस सालीत असतात, म्हणजेच नेमक्या टाकलेल्या चोथ्यात. ही संयुगे पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) काही प्रमाणात आवर घालतात, तंतू त्या कामाला हातभार लावतो, आणि कोंड्याला घट्ट बांधलेले फेरुलिक आम्ल हे फेनॉलिक संयुग मोठ्या आतड्यातील जिवाणू सावकाश मोकळे करतात. सत्त्वात मात्र उरते ते बहुतांश पिष्ट. सत्त्व लहान बाळासाठी ठीक आहे. मी स्वतः नाचणीचे आणि ज्वारीचे पीठ न चाळता भाकरी करते. ती थोडी चिरते, कडाही फाटतात, आणि माझ्या सासूबाईंना ते अजून आवडत नाही.

घाई असणाऱ्यांना कॅप्सूल हवी असते. हळदीतील करक्युमिन फार कमी शोषले जाते, म्हणून त्यात मिऱ्यातील पायपरीन घालतात. हेच पायपरीन काही औषधांचे विघटनही मंदावते, त्यामुळे नेहमीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याविना ती कॅप्सूल घेऊ नये. ग्रीन टीच्या अर्काबाबत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितले की, पूरक म्हणून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतील मुख्य फेनॉलिक संयुग) घेतल्यास यकृताला इजा दाखवणारे रक्तातील निर्देशक वाढू शकतात. कपभर चहात आणि अर्काच्या गोळीत हा फरक आहे, आणि तो समजून घ्यायला लोकांकडे दोन मिनिटे नसतात.

डब्यावरील ‘ओरॅक’ या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यावर भाळू नये. प्रयोगशाळेतील ही मोजणी शरीरातील परिणाम सांगत नाही, म्हणून अमेरिकेच्या कृषी विभागाने तिचा तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला. कांदा सोलताना सुक्या सालीखालचे बाहेरचे रसदार पापुद्रे काढून टाकू नयेत, कारण क्वेर्सेटिन हे फेनॉलिक संयुग बाहेरच्या बाजूस अधिक असते. जांभूळ चावून खावे, साखर घातलेले सरबत पिऊ नये. जेवणासोबत चहा घेऊ नये, कारण त्यातील टॅनिन धान्य-भाजीतील लोह अडवते. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांना मी जेवणानंतर तासभर थांबायला सांगते. रक्तदाबाची गोळी मात्र कोणत्याही फळाच्या भरवशावर बंद करू नये. काकांनी तेही करून पाहिले होते.