बाइकचा सायलेन्सर: निवड आणि निगा
सायलेन्सर निवडताना आवाज मी सगळ्यात शेवटी ऐकतो. आधी पाइपचा व्यास, ब्रॅकेटची जागा आणि ऑक्सिजन सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची) सोय आपल्या मॉडेलशी जुळते का ते बघतो. स्लिप-ऑनमध्ये फक्त मागचा डबा बदलतो. फुल सिस्टीम, म्हणजे इंजिनापासूनचा सगळा पाइप घेतला, तर बहुधा इंधनाचं मॅपिंगही (इंजिनाला कधी किती इंधन द्यायचं याची सेटिंग) नव्याने करावं लागतं. रोजच्या वापराला मला ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील भरवशाचं वाटतं. टायटॅनियम हलकं, पण महाग. डीबी किलर, म्हणजे डब्याच्या तोंडातला आवाज कमी करणारा भाग, मात्र काढू नका. गल्लीत कुणाचं तरी तान्हं बाळ झोपलेलं असतं.

बसवताना जोडावर नवं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) घाला. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग इंजिनाकडून मागे आवळत या. नाहीतर पाइपवर ताण राहतो आणि ब्रॅकेटला तडा जातो. इंजिन सुरू करण्याआधी बोटांचे तेलकट ठसे पुसा, तापल्यावर ते कायमचे उमटतात.

आवाज हळूहळू मोठा, फाटल्यासारखा होऊ लागला, तर आतलं काचतंतूचं पॅकिंग जळालेलं असतं. डबा रिव्हेटचा असेल तर ते बदलता येतं, पण हातमोजे आणि मास्क लावूनच. चालत्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडताना फटफट आवाज आला, तर आधी जोडाची गळती तपासा. काजळीचा काळा पट्टा बरोबर जागा दाखवतो.