एफेसस बघायचं तर वरच्या दारानं शिरा

क्रूझ तुर्कस्तानात कुशादासीला थांबते तेव्हा हाताशी जेमतेम पाच-सहा तास असतात. एफेसस या प्राचीन ग्रीक-रोमन शहराचे अवशेष तिथून साधारण 20 किलोमीटरवर, म्हणजे घाई करायचं कारण नाही; फक्त शिरायचं कुठून ते आधी ठरवा. टॅक्सीवाल्याला सांगा, वरच्या दाराशी सोड आणि खालच्या दाराशी येऊन थांब. मग सगळी वाट उताराची होते. खालून शिरलात तर उन्हात चढ, आणि परत तोच रस्ता!

सेल्सस ग्रंथालयाची दर्शनी भिंत पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे फोटो हवा असेल तर सकाळीच पोहोचा. त्याच्या जवळच्या उतारावर श्रीमंत रोमनांची घरं आहेत, मोझेकच्या फरश्या आणि रंगवलेल्या भिंतींसकट. तिकीट वेगळं लागतं म्हणून बरेच जण ती टाळतात. माझं मत विचाराल तर दुसरं काहीही सोडा, ही सोडू नका. वर छप्पर आहे, त्यामुळे दुपारी सावलीही मिळते. बाहेर ती शोधूनही सापडत नाही.

पुढे साधारण 25,000 माणसं मावतील एवढं नाट्यगृह लागतं. आर्टेमिस देवीच्या मंदिराचा मात्र एक उभा केलेला खांब तेवढा उरलाय, तो जाता-येता गाडीतून पाहिलात तरी चालेल.

संगमरवरी रस्ते झिजून गुळगुळीत झालेत, चपला नकोत. आणि गटाच्या सहलीत गालिच्यांच्या दुकानाचा थांबा आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. चहा फुकट मिळतो, पण पाऊण तास जातो.