कोरड्या माळाचे फोटो सपाट येतात? या चुका टाळा

दिवेघाट चढून वर आलं की झाडी मागे राहते आणि सासवडपर्यंत माळ उघडा पडतो. तिकडे ताम्हिणीत पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, पुण्यात तो साधारण ७०० पर्यंत उतरतो आणि सुपे-बारामतीकडे ५०० च्या आसपास. सह्याद्रीनं ढग अडवल्यावर पलीकडे उरतो तो हा मुलूख: काळा कातळ, मुरूम, कुसळी गवत, बोरी-बाभळी आणि डोक्यावर भलंमोठं आभाळ. बरीच वर्षं मी महिन्यातून दोनदा तरी इथं कॅमेरा घेऊन येतो.

दरवर्षी ओळखीतलं कुणी ना कुणी लडाखहून परत येतं आणि फोटो दाखवताना एकच तक्रार करतं, "तिथं उभं असताना जे वाटलं ते फोटोत आलंच नाही." तक्रार खरी असते. पण लेह ३५०० मीटरवर आहे म्हणून काही फोटो बिघडत नाहीत. कोरड्या, उघड्या जमिनीवर हात बसलेला नसतो आणि आठ दिवसांच्या सहलीत तो बसत नाही. इथं बसवता येतो, हडपसरपासून तासाभराच्या अंतरावर. मी स्वतः केलेल्या आणि बरोबरच्यांना करताना पाहिलेल्या चुका लिहितोय.

पावसाळा संपला की कॅमेरा कपाटात

श्रावण-भाद्रपदात सोनकी आणि तेरडा फुलतो तेव्हा घाटमाथ्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. दसरा उलटला की माळावर चिटपाखरू दिसत नाही. माझ्या मते माळाचा खरा हंगाम तिथून सुरू होतो, कारण हिरवा रंग सगळं एकसारखं झाकतो आणि तो उतरला की जमिनीची हाडं दिसायला लागतात.

कार्तिकात किंवा मार्गशीर्षात एका सकाळी सूर्याकडे तोंड करून चक्क मांडी घालून बसा आणि कॅमेरा गवताच्या उंचीवर आणा. कुसळीच्या तुऱ्यातल्या तांबूस-काळ्या शेपट्या एकमेकींत पिळलेल्या दिसतील, वेणीसारख्या. दवानं ओल्या झाल्या की त्यांचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा आवळतो. याच पिळानं बी मातीत घुसतं, आणि आपल्या मोज्यातही. मागून ऊन आलं की तुऱ्यांच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात. हेच गवत उभ्यानं, डोळ्यांच्या उंचीवरून घेतलं तर फोटोत नुसती पिवळी चादर येते. माळावरचे निम्मे फोटो वाकायचा कंटाळा केल्यानं बिघडतात.

पुढे फाल्गुनात पळस फुलतो, चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात. मग ज्येष्ठात पहिल्या पावसानंतरचे चार-सहा दिवस येतात, ज्यांची मी वर्षभर वाट पाहतो. गवत अजून उगवलेलं नसतं, मुरूम भिजून गडद तांबडा झालेला असतो आणि हवेतली सगळी धूळ धुऊन गेलेली असते. पालखी घाट चढून जाईपर्यंत हा रंग बहुधा संपलेला असतो. तेवढ्या दिवसांत रजा काढता आली तर काढाच.

दुपारी अकराला पोचणं

नाश्ता करून निघालेली मंडळी अकराला माळावर पोचतात आणि मग इथं काही नाही म्हणतात. आपल्या अक्षांशावर सूर्य चटकन चढतो. उगवल्यापासून साधारण पाऊण तासात तो दहा अंशांवर जातो. त्या वेळी गुडघाभर गवताची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाच पट असते, म्हणून प्रत्येक दगड, प्रत्येक बांध सुटा दिसतो. मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेरीस पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि त्या उजेडात जमिनीचा चढउतार कॅमेऱ्याला दिसतच नाही. उलट डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ५० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे तेव्हा साडेनऊपर्यंत बिनधास्त काम करता येतं.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. अ‍ॅपमध्ये सूर्यास्ताची वेळ दिसते ती सपाट क्षितिजाची. नुब्रासारख्या दरीत सूर्य त्याच्या कितीतरी आधी डोंगराआड जातो. अ‍ॅपच्या वेळेवर पोचलात तर खाली दरीभर सावली पसरलेली असेल. तासभर आधी जागेवर असा.

सूर्य जागच्या जागी मावळतो असं समजणं

एका डिसेंबरात सासवडच्या अलीकडे बांधावरच्या एकट्या बाभळीमागे सूर्य नेमका मावळताना दिसला. ट्रायपॉड घरी होता. एप्रिलमध्ये सगळी तयारी करून त्याच जागी गेलो, तर सूर्य बाभळीच्या पार उजवीकडे, विजेच्या खांबामागे. पुण्यात वर्षभरात मावळतीची जागा क्षितिजावर जवळपास ५० अंश सरकते. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंशांची होते, म्हणजे पाच मुठी. हिवाळ्यात सूर्य डावीकडच्या टोकाला, जूनअखेर उजवीकडच्या. एखादी चौकट आवडली की तिथंच उभं राहून मुठी मोजा आणि कोणत्या महिन्यात परत यायचं ते ठरवा.

काळा कातळ आणि पांढरं बर्फ

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरतो. आपला बेसॉल्ट त्याहून पुष्कळ काळा. चौकट कातळानं भरली की कॅमेरा त्याला राखाडी करायला जातो, फोटो गरजेपेक्षा उजळ येतो आणि आभाळ पांढरंफटक पडतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मोबाइलवर काढत असाल तर स्क्रीनवर कातळाला बोट लावा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा.

लडाखमध्ये हेच गणित उलटं होतं. बर्फ मध्यम राखाडीहून पुष्कळ उजळ, म्हणून कॅमेरा त्याला मळकट करतो. तिथं एक ते दोन स्टॉप वर जावं लागतं. दिवेघाटातली वजाबाकीची सवय घेऊन कुणी तसंच लेहला गेलं तर सगळं बर्फ सिमेंटच्या रंगाचं येतं. खात्री स्क्रीनकडे पाहून करू नका. उन्हात स्क्रीन अंधारी दिसते, म्हणून हात आपोआप एक्स्पोजर वाढवतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख उघडा, तो उजव्या भिंतीला चिकटलेला नसला की झालं. आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये घ्या, सावलीतला तपशील नंतर वर काढता येतो.

लेन्सला दोष देणं

सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात एका एप्रिलमध्ये ४०० मिलिमीटरची लेन्स लावून चिंकारा आणि मागची टेकडी एका चौकटीत धरत होतो. साठ-सत्तर फोटो काढले, एकही धारदार नाही. शटर वेगवान होतं, ट्रायपॉड भक्कम होता. लेन्स बिघडली असं ठरवून दुरुस्तीला दिली, आठवड्यानं ती 'काही दोष नाही' म्हणून परत आली. पुढच्या खेपेला अभयारण्याबाहेरच्या वाटेवर मेंढरं घेऊन निघालेल्या एका मामांना हे सांगितलं. ते समोर बोट दाखवून म्हणाले, "सकाळच्याला या, पाहुणं. ऊन तापलं की रान हालतंया."

मी तोपर्यंत तिकडे नीट पाहिलंच नव्हतं. दूरची टेकडी पायाशी खरोखर थरथरत होती. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते, गरम-थंड थरांतून येताना उजेड वाकतो आणि लांबची प्रत्येक कड हलते. यावर महाग लेन्स, ट्रायपॉड, कशाचाच उपाय चालत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, चित्र पूर्ण मोठं करून बघा, कडा पाण्यातल्यासारख्या डुलत असतील तर लांबचा नाद सोडा आणि पायाजवळचं काही घ्या. लेन्सबद्दल शंका असेलच तर वीस-तीस पावलांवरच्या दगडाचा एक फोटो काढा. तो धारदार आला तर लेन्स ठणठणीत आहे.

धार जाण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट यावं म्हणून लावलेलं एफ/२२, म्हणजे लेन्सचं सगळ्यांत बारीक छिद्र (आकडा मोठा, छिद्र लहान). इतक्या बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो आणि पूर्ण चित्रच मऊ पडतं. एफ/८ ते एफ/११ पुरतं.

धुकट हवा पुसून टाकणं

हिवाळ्यात सकाळी घाटमाथ्यावरून पुण्याकडे पाहिलं तर शहरावर धुरकट थर बसलेला असतो. थंड हवा खाली, ऊबदार हवा वर, त्यामुळे धूर-धूळ खालीच कोंडते. घरी आल्यावर पहिला हात फोटो सुधारायच्या अ‍ॅपमधल्या डिहेझच्या, म्हणजे धुकटपणा काढायच्या, पट्टीवर जातो. जरा थांबा. एकामागची एक टेकडी फिकी होत जाते म्हणून तर डोळ्याला अंतर कळतं. तो धुकटपणा काढला की सगळ्या टेकड्या एकाच भिंतीवर चिकटवल्यासारख्या दिसतात. मी डिहेझ वापरतो ते फक्त पुढच्या जमिनीवर, मागच्या थरांना हात लावत नाही.

पोलरायझरचंही, म्हणजे लेन्सवर लावायच्या चकाकी कमी करणाऱ्या फिरत्या काचेचंही, तसंच. सूर्याशी काटकोनात असलेल्या आभाळावर त्याचा परिणाम सगळ्यांत जास्त होतो. २४ मिलिमीटरहून कमी, म्हणजे जास्त रुंद चित्र घेणाऱ्या लेन्सवर तो पूर्ण फिरवला की आभाळाच्या मधोमध गडद निळा डाग पडतो, नंतर काही केल्या निघत नाही. लडाखमध्ये वरची हवा विरळ, त्यामुळे आभाळ मुळातच गडद असतं आणि पोलरायझरनं ते काळपट होतं. ओल्या कातळावरची चकाकी कमी करायला मात्र याच्यासारखं साधन नाही. पावसाळ्यात माझा पोलरायझर लेन्सवरून उतरत नाही.

सामानाची हेळसांड

फेब्रुवारी ते मे माळावर वावटळी उठतात. लेन्स बदलायचीच असेल तर वाऱ्याकडे पाठ करा आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा. सेन्सरवर धूळ बसली तर ब्लोअरनं, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्यानं, उडवा, कपडा लावू नका. जुलैत एसी गाडीतून एकदम बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते, म्हणून घाट सुरू होताच एसी बंद करून काचा खाली घ्या. लडाखच्या थंडीत हेच उलट्या दिशेनं होतं. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करा आणि तासभर उघडू नका. तिथं जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा, गारठ्यात तिचा दम लवकर संपतो. आणि पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पाकिटात कधीच ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि काचेवर बुरशी येते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढ्यात काम भागतं.

माळ ओसाड समजून कुठंही शिरणं

याबद्दल मला फार वाईट वाटतं. चंडोल आणि टिटवी उघड्या जमिनीवर घरटं करतात. टिटवीची अंडी खड्यांत ठेवली तर दोन हातांवरून ओळखू येत नाहीत. उन्हाळ्यात चांगल्या कोनासाठी गाडी माळावर घातली की चाकाखाली काय गेलं हे कळतही नाही. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली तर आल्या वाटेनं मागे फिरा. गाडी रस्त्यावर ठेवा. वावरातून जायचं असेल तर मालकाला विचारा. मेंढरांचा फोटो हवा असेल तर आधी राम राम घाला, मग "मामा, फोटो काढू का?" म्हणा. मला आजवर क्वचितच नाही म्हटलंय, आणि वारं कुठून सुटणार, ढग कधी उतरणार हे त्यांच्याइतकं कुणी सांगितलेलं नाही.

दर वेळी नवी जागा आणि नोंद नाही

दर रविवारी नवं ठिकाण शोधणाऱ्यांकडे पन्नास ठिकाणांचा एकेक फोटो असतो, आणि तोही बहुधा चुकीच्या वेळेचा. घरापासून जवळची एक जागा धरा. दिवेघाट लांब पडत असेल तर वेताळ टेकडी आहे. उभं राहायचा दगड पक्का करा, लेन्स एकच ठेवा, मागच्या वेळचा फोटो मोबाइलवर उघडून चौकट जुळवा आणि दर खेपेला दोन ओळी लिहा. माझ्या वहीतली बाभळीच्या जागेची एक नोंद अशी आहे: "पौष, संध्याकाळी ५.५०. मोठ्या दगडावरून, ३५ मिमी, एफ/८, पाऊण स्टॉप खाली. गवत वाऱ्यानं झोपलंय. सूर्य डाव्या फांदीत अडकला. पुढच्या वेळी दोन पावलं डावीकडे."