जुन्या करारातल्या पूर्वछाया शिकवताना या चुका टाळा

योसेफाला त्याच्या भावांनी चांदीच्या तीस तुकड्यांना विकलं, असं मी संडे स्कूलच्या वर्गात बरीच वर्षं सांगत आलो होतो. फळ्यावर दोन रकाने आखायचे, एकात योसेफ आणि दुसऱ्यात येशू, आणि जुळणाऱ्या गोष्टी समोरासमोर लिहीत जायच्या. एकदा पाचवीतल्या एका मुलीनं पवित्र शास्त्र उघडून हात वर केला. "सर, इथे वीस लिहिलंय." उत्पत्ती ३७:२८ मध्ये खरोखरच वीस आहेत. तीस आहेत ते मत्तय २६:१५ मध्ये, येशूला धरून देण्याच्या मोबदल्यात, आणि त्यांचा धागा जखऱ्याच्या ११व्या अध्यायाकडे जातो. दोन्ही रकाने जुळावेत या ओढीत मला वीसचे तीस दिसू लागले होते.

पूर्वछाया म्हणजे येशूची आधीच पडलेली सावली वाटावी अशी जुन्या करारातली व्यक्ती, वस्तू किंवा घटना. त्या दिवसापासून पूर्वछायेचा कुठलाही धडा मी आधी तपासतो. संदेश देणारे, बायबल अभ्यास घेणारे, मुलांना शिकवणारे आपण बहुतेक जण त्याच त्याच ठिकाणी घसरतो, म्हणून हे लिहितो आहे.

जुळलं म्हणजे सिद्ध झालं, असं मानणं

रोमकरांस पत्र ५:१४ मध्ये पौल आदामाला येणाऱ्याचं 'प्रतिरूप' म्हणतो. मूळ ग्रीक शब्द आहे 'टुपॉस', म्हणजे घाव घातल्यावर किंवा शिक्का दाबल्यावर उमटलेला ठसा. योहान २०:२५ मध्ये थोमा खिळ्यांच्या ज्या खुणा बघायच्या म्हणतो, त्यांनाही हाच शब्द आहे. ठशात आकार तेवढा उतरतो. शिक्क्याचं वजन, रंग, धातू त्यात येत नाही. योसेफाच्या गोष्टीतली प्रत्येक बारीकसारीक वस्तू येशूच्या आयुष्यात शोधायला लागलो की आपण हे विसरलेलो असतो.

ही ओढ फार जुनी आहे. बर्णबाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन पत्रात अब्राहामाच्या ३१८ माणसांचा (उत्पत्ती १४:१४) अर्थ असा लावला आहे: ग्रीक अक्षरांत १८ म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं, आणि ३०० म्हणजे 'टाऊ' हे अक्षर, जे क्रुसासारखं दिसतं. ऐकायला विलक्षण वाटतं. पण उत्पत्ती लिहिलं गेलं हिब्रूत. हा सगळा डोलारा भाषांतरावर उभा आहे, आणि मूळ मजकूर उघडताच तो कोसळतो.

माझा उपाय साधा आहे. नव्या करारानं स्वतः ज्यांच्याकडे बोट दाखवलं आहे ते आदाम, अब्राहामाला भेटलेला राजा-याजक मलकीसदेक, योना, मोशेनं उंच केलेला पितळी साप, असे दुवे ठामपणे शिकवायचे. योसेफाला नवा करार कुठेच प्रतिरूप म्हणत नाही. प्रेषितांची कृत्ये ७ मध्ये स्तेफन त्याची कथा सांगतो, पण त्याच्यासाठी हा शब्द वापरत नाही. तेव्हा योसेफाबद्दल बोलताना "मला इथे साम्य दिसतं" एवढंच म्हणावं. या एका वाक्यानं ऐकणाऱ्याला शास्त्र काय म्हणतं आणि शिक्षक काय म्हणतो, हे वेगवेगळं कळतं.

फरक लपवणं

माझ्या मते सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं. साम्य सांगताना आपण फरकावर पांघरूण घालतो, आणि खरा अर्थ बहुधा त्या फरकातच असतो. पौलाचंच बघा. आदाम आणि ख्रिस्त यांची तुलना तो करतो ती उलट बाजूनं: एकाच्या अपराधानं मरण आलं, दुसऱ्याच्या आज्ञापालनानं जीवन. फरक काढून टाकला तर पौलाच्या म्हणण्यात काही उरतच नाही.

योनाचंही तसंच. मत्तय १२:४० मधले तीन दिवस आणि तीन रात्री सगळ्यांना पाठ असतात. पण योना देवाच्या आज्ञेपासून पळून जहाजात बसला होता, आणि निनवे शहर वाचलं म्हणून तो रागावला. 'योनापेक्षा थोर असा एक इथे आहे' या शब्दांना धार येते ती हा पळपुटा, रुसलेला योना डोळ्यांपुढे असेल तेव्हाच. मुलांना योना नुसताच माशाच्या पोटातला भला माणूस म्हणून दाखवला तर ही धार बोथट होते.

दावीदाबाबत तर मत्तयानं आपल्याला पळवाटच ठेवलेली नाही. पहिल्याच अध्यायातल्या वंशावळीत तो बथशेबाचं नाव घेत नाही. शलमोन उरीयाच्या बायकोपासून झाला, असं लिहितो. ज्या माणसाचा दावीदानं घात करवला त्याचं नाव मशीहाच्या वंशावळीत कोरून ठेवलं आहे. दावीदाला गुळगुळीत करून शिकवणाऱ्यानं ही ओळ वर्गात मोठ्यानं वाचावी.

इथेच मोरियाविषयी एक ओळ. इसहाकाला बळी द्यायला नेलं तोच मोरिया डोंगर म्हणजे येशूला क्रुसावर दिलं ती जागा, गुलगुथा, हे संदेशांत सर्रास ऐकू येतं. पवित्र शास्त्रात मोरियाचं नाव दोनदाच येतं: उत्पत्ती २२:२ मध्ये, आणि २ इतिहास ३:१ मध्ये शलमोनाच्या मंदिराची जागा म्हणून. गुलगुथाला कुणीही मोरिया म्हटलेलं नाही.

मलकीसदेक म्हणजे येशूच, असं सांगणं

इब्री ७:३ मध्ये त्याला आई नाही, बाप नाही, वंशावळ नाही असं म्हटलं आहे, म्हणून तो मनुष्य नव्हताच असा निष्कर्ष काढला जातो. पण त्याच वचनात तो देवाच्या पुत्रासारखा केलेला आहे असंही आहे, आणि 'सारखा' म्हणजे तोच नव्हे. उत्पत्तीत ज्याच्या-त्याच्या बापाचं नाव सांगितलेलं असताना या शालेमच्या राजाच्या घराण्याबद्दल मात्र शब्दही नाही, आणि त्या मौनावरच पत्राचा लेखक बोलतो आहे. त्यानं आणलेल्या भाकरी आणि द्राक्षारसाचा उल्लेख इब्री पत्रात एकदाही नाही. मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, प्राचीन रोमन प्रार्थनेत मलकीसदेकाचं अर्पण येतं, आणि त्या परंपरेला तिचं स्थान आहेच. फक्त ते इब्री पत्राच्या नावावर खपवू नये.

मराठी नावांत हरवलेला दुवा

कधी अडचण उलटी असते: दुवा शास्त्रात असतो आणि आपल्याला दिसत नाही. इब्री ४:८ म्हणतं, मोशेनंतरचा पुढारी यहोशवा यानं इस्राएल लोकांना विसावा दिला असता तर पुढे दुसऱ्या दिवसाची गोष्ट निघालीच नसती. मराठीत 'यहोशवा' आणि 'येशू' ही दोन वेगळी नावं वाटतात. ग्रीकमध्ये दोघांनाही 'इएसूस' हे एकच नाव आहे, त्यामुळे मूळ वाचकाच्या कानात हा दुवा आपोआप वाजत असणार. गणना १३:१६ मध्ये मोशेनं होशेयाचं नाव बदलून यहोशवा ठेवलं, तिथून सुरुवात केली की धडा आपसूक उलगडतो.

'मशीहा' शब्दाचंही तेच. हिब्रूत त्याचा अर्थ अभिषिक्त, तेल ओतलेला. लेवीय ४:३ मध्ये याजक अभिषिक्त आहे, १ शमुवेल २४ मध्ये दावीद शौलाला परमेश्वराचा अभिषिक्त म्हणतो, आणि यशया ४५:१ मध्ये तर पारसाचा राजा कोरेश अभिषिक्त आहे. जिथे हा शब्द दिसेल तिथे थेट बेथलेहेमला उडी मारू नका. या वचनात कुणाला आणि कुठल्या कामासाठी अभिषेक झाला, हे आधी विचारा.

छायेलाच धरून बसणं

गणना २१ मधला पितळी साप योहान ३:१४ मुळे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच सापाचं पुढे काय झालं, ते फार थोडे शिकवतात. २ राजे १८:४ उघडा. लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते, म्हणून हिज्कीया राजानं तो फोडून टाकला; त्याला नहुश्तान म्हणत. ज्याच्याकडे बघून लोक जगले तीच वस्तू मूर्ती झाली. पूर्वछायांची माळ इतकी लांबवायची की शेवटी लोक घरी नेतात ती शिक्षकाची हुशारी, तेव्हा मला हा फुटलेला साप आठवतो.

यहुद्यांना आंधळे ठरवणं

"त्यांच्याच पुस्तकात सगळं लिहिलंय आणि त्यांनाच दिसत नाही," हे वाक्य मी व्यासपीठावरून ऐकलं आहे आणि ते मला बोचतं. एक तर ते खरं नाही. यहुदी परंपरेनं या व्यक्तींवर अपार विचार केला आहे. तालमूद या यहुदी धर्मचर्चांच्या ग्रंथात दावीदाच्या वंशातल्या मशीहाबरोबर योसेफाच्या वंशातल्या, मारल्या जाणाऱ्या मशीहाचीही चर्चा आहे. मृत समुद्राजवळ कुमरानच्या ११व्या गुहेत मिळालेल्या एका गुंडाळीत मलकीसदेक शेवटच्या दिवसांत सोडवणूक करणारा म्हणून येतो. योनाचं पुस्तक योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, वाचलं जातं. आणि अशा तुच्छतेतून युरोपात यहुद्यांवर शतकानुशतकं काय ओढवलं, ते आपल्याला माहीत आहे. २००१ साली रोमच्या पोपपीठाच्या बायबल आयोगानं लिहिलं की यहुद्यांची मशीहाची वाट पाहणं व्यर्थ नाही.

आपल्याला तर दूर जायचीही गरज नाही. कोकणातले बेने इस्राएल ही मराठी बोलणारी यहुदी माणसं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू पूर्वजांच्या कथा मराठी कीर्तनांतून गायल्या. मलिदा या त्यांच्या अर्पणविधीच्या ताटापुढे ते एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलीया संदेष्ट्याची आठवण करतात. मलाखीच्या शेवटी ज्याच्या येण्याचं वचन आहे तोच हा एलीया. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तो येऊन गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे. आपल्या आणि त्यांच्या उत्तरांत मूलभूत फरक आहे आणि तो झाकायचं कारण नाही. पण ज्यांच्या घरात जुन्या करारातली ही माणसं आधी राहिली, त्या यहुद्यांविषयी बोलताना आवाज खाली असावा.

धडा अडकला तर

दहा मिनिटांत येशूपर्यंत पोहोचलात आणि पुढे बोलायला काही उरलं नाही, तर मूळ कथा नीट सांगितलेली नाही असं समजा. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या क्रिस्तपुराण या मराठी काव्यात अख्खं पहिलं पुराण जुन्या कराराला दिलं आणि येशूजन्म दुसऱ्या पुराणासाठी राखून ठेवला. साम्य पटवायला चार वाक्यांचं स्पष्टीकरण लागत असेल, तर ते साम्य सोडा. वर्गातून अवघड प्रश्न आला, तर वचन उघडून सगळ्यांनी मिळून वाचा.

माझ्या फळ्यावर आता तीन रकाने असतात. तिसऱ्यावर 'जुळत नाही' असं लिहिलेलं असतं आणि तो मुलं भरतात. गेल्या वेळी इसहाकाचा धडा होता. एका मुलानं उत्पत्ती २२:१९ वाचून दाखवलं: डोंगरावरून आपल्या चाकरांकडे परत आला तो अब्राहाम. इसहाकाचं नाव त्या ओळीत नाही. "मग इसहाक कुठे गेला?" हा प्रश्न यहुदी भाष्यकारांनीही विचारला आहे. तो आम्ही तिसऱ्या रकान्यात लिहिला, आणि पुढच्या रविवारपर्यंत पुसला नाही.