कृत्रिम सांध्याजवळचं फ्रॅक्चर: आधी मोडलंय काय ते बघा

मेडिकल कोडिंग करताना अमेरिकन पेशंटच्या चार्टवर ‘पेरिप्रोस्थेटिक फ्रॅक्चर’ (कृत्रिम सांध्याभोवतीचं फ्रॅक्चर) दिसलं की हात थेट आयसीडी-१०-सीएम या अमेरिकन आजार-कोडच्या यादीतल्या एम९७ कडे जातो. त्याआधी एक्स-रे आणि ऑपरेशनचा रिपोर्ट उघडा.

१. इम्प्लांटच (बसवलेला कृत्रिम सांधा) मोडलंय: टी८४.०१.
२. इम्प्लांट बसवताना हाड मोडलं: एम९६.६.
३. बसवलेल्या सांध्याभोवतीचं हाड नंतर मोडलं: एम९७. पण हा दुसऱ्या नंबरवर. आधी फ्रॅक्चरचा प्रकार आणि कारण सांगणारा कोड. अपघातात मांडीचं हाड वरच्या टोकाला मोडलं तर एस७२ मधला. ऑस्टिओपोरोसिसचा (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचा) पेशंट नुसता घसरून पडला असेल तर मात्र एम८० बघा.

उजवा खुबा असेल तर एम९७.०१एक्सए. मधला एक्स फक्त रिकामी जागा भरतो, पण गाळू नका, हमखास राहतो तो.

सांभाळा: शेवटचा ‘ए’ पहिल्या भेटीपुरता नसतो, सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ‘ए’च.