साडेआठनंतर ऑर्डर बंद

डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे, सहा वर्षं झाली, पहाटे साडेचारला उठून कणीक मळायची आणि रात्री अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर "ताई उद्या वीस पोळ्या मिळतील का" चालूच. एक दिवस कणकेत दोनदा मीठ पडलं नि मी परातीपुढे बसून रडले, कशासाठी तेच कळेना. मग व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं, त्यात वेळ सेट केली की साडेआठनंतर आपोआप मेसेज जातो, "ऑर्डर बंद, सकाळी बोलू". सोमवार सुट्टी. लाटायला एक मावशी ठेवल्या, पोळीमागे पैसे, नफा कमी झाला खरा. दोन-तीन गिऱ्हाईकं तुटली (एक तर शेजारचंच!), बाकीचे आता आठच्या आत सांगतात. गेल्या सोमवारी दुपारी चक्क झोपले, उठले तर नवऱ्याने चहा केलेला, पाणचट होता, प्यायले.