जुनी आरसी (रिमोटवर चालणारी) बगी माळ्यावरून काढताय? या चुका टाळा

माळ्यावरून खोकं उतरवलं, धूळ झटकली, बॅटरी लावली आणि बगी सोडली पार्किंगमध्ये. वर्षातून चार-पाच वेळा मला असा फोन येतो. पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "पाच मिनिटं मस्त पळाली हो, आणि मग…"

माझी पहिली बगी तामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर. मामा मर्चंट नेव्हीत होता, त्यानं १९८६ साली जपानहून आणली. डोंबिवलीत बिल्डिंगच्या गच्चीवर पळवली, मग कॉलेज, नोकरी, परदेश, आणि ती बावीस वर्षं खोक्यात. आता काही वर्षं इथे इंग्लंडमध्ये जुन्या बग्यांच्या शर्यतींत उतरतोय. परतणारे लोक दर हंगामात येतात आणि चुका त्याच करतात. त्यातल्या दोन मला मनापासून छळतात.

पहिली : जुनाच रेडिओ (म्हणजे रिमोट आणि बगीतला रिसीव्हर) आणि मोटरचा वेग सांभाळणारा जुनाच स्पीड कंट्रोलर घेऊन ट्रॅकवर येणं.

दोन वर्षांपूर्वी एक मराठी गृहस्थ आले, सोबत दहा-बारा वर्षांचा मुलगा. हातात १९८४ची तामियाची हॉर्नेट, तीही खरी, पहिल्या मालिकेतली. डोळे चमकत होते त्यांचे. रेडिओ २७ मेगाहर्ट्झचा, एरियल हातभर लांब. मी म्हटलं, माझ्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा जादा सेट आहे, अर्ध्या तासात बसवून देतो. "नको, सगळं ओरिजिनलच चालवायचंय," म्हणाले. तिसऱ्या फेरीत सरळ पट्टीवर बगीनं ऐकणं बंद केलं. ते दांडी मागे ओढतायत, बगी पूर्ण वेगात. दीड किलोच्या आसपासचं ते धूड वळण सोडून मार्शलच्या, म्हणजे उलटलेल्या बग्या सरळ करायला वळणावर उभ्या असलेल्या माणसाच्या, घोट्यावर आदळलं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. मार्शलचा पाय आठवडाभर सुजलेला होता.

झालं काय, ते नीट समजून घ्या. त्या काळच्या पद्धतीत रिसीव्हर आणि सर्व्होला (रिसीव्हरच्या हुकमावर हलणारी छोटी मोटर) चार पेन्सिल सेल वेगळे आणि मोटरला ७.२ व्होल्टची बॅटरी वेगळी. सर्व्हो एक छोटा हात फिरवतो, त्या हाताचे तांब्याचे टेकू पट्टीवर सरकतात, आणि वेग कमी हवा असेल तेव्हा जादा वीज पांढऱ्या रेझिस्टरमध्ये जळून जाते. पेन्सिल सेल संपले की सर्व्हो असेल तिथे थांबतो. मोटरची बॅटरी मात्र भरलेलीच असते. थांबलाच तो 'फुल'वर, तर बगी भिंत किंवा पाय सापडेपर्यंत पळते. टेकू जळून पट्टीला चिकटले तरी हाच प्रकार. २.४चा रिसीव्हर लावला तर सिग्नल तुटल्यावर त्यातली फेलसेफ ही सुरक्षा-सोय सर्व्होला मधोमध, म्हणजे मोटर बंदच्या जागी, आणते, पण रिसीव्हरलाच वीज नसेल तर फेलसेफ तरी काय करणार?

म्हणून माझा नियम : ट्रॅकवर उतरायचं तर २.४चा सेट आणि ब्रश्ड (जुन्या पद्धतीच्या) मोटरचा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, जो मोटरच्याच बॅटरीतून रिसीव्हरलाही वीज देतो. जुना कंट्रोलर फेकू नका, पट्टी साफ करून पिशवीत ठेवा. फेलसेफ घरीच तपासा : बगी डब्यावर ठेवून चाकं अधांतरी, मोटर चालू, आणि ट्रान्समीटर बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. मी हे प्रत्येक शर्यतीच्या सकाळी करतो. आणि २७चा रेडिओ चालवायचाच असेल तर मोकळ्या मैदानात, एकट्यानं, नवे सेल घालून. आसपास कुणी त्याच पट्ट्यावर असेल, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा की निळा, ते आधी विचारा. एकच क्रिस्टल (रेडिओचा पट्टा ठरवणारा सुटा तुकडा) दोघांकडे असला तर दोन्ही बग्या वेड्यासारख्या धावतात.

दुसरी चूक : स्क्रूची कत्तल.

याबद्दल मी तासभर बोलू शकतो. तामिया काय, क्योशो काय, सगळ्या जपानी कंपन्यांच्या बग्या. त्यांचे स्क्रू जपानी प्रमाणाचे, जेआयएस. आपल्या घरातला फुलीचा स्क्रूड्रायव्हर फिलिप्सचा. दिसायला सारखेच, पण फिलिप्सचं टोक त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की ते वर उचललं जातं आणि खाच गोल होते. चाळीस वर्षं प्लास्टिकमध्ये रुतलेल्या स्क्रूला तर एकच संधी मिळते. १९८५ची तामियाची हॉटशॉट उघडायला बसलात तर नुसती मोटर काढायला किती स्क्रू काढावे लागतात ते मोजा, मग कळेल मी का चिडतो. जेआयएसचे दोन स्क्रूड्रायव्हर घ्या, मोठा आणि मधला. नव्या मोटरच्या आधी ही खरेदी.

स्क्रू हलतच नसेल तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर दहा-बारा सेकंद टेकवायचं. भोवतालचं प्लास्टिक जरा सैलावतं. मग दाबून, सावकाश.

परत बसवताना लोक त्याहून मोठा घात करतात. हे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडतात. तिरका धरून सरळ पिळला की जुन्या आट्यांवर नवे आटे पडतात, आणि तीन-चार वेळात भोक नुसतं गुळगुळीत. आधी स्क्रू उलटा फिरवायचा, डावीकडे, अगदी हलक्या हातानं. एका जागी तो बारीकसा 'टक्' करून खाली बसतो, बोटांना जाणवतं. तिथून उजवीकडे. डोकं प्लास्टिकला टेकलं की थांबायचं. आणखी अर्धा वेढा नको. आणि इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर या बग्यांना लावूच नका. ज्याला दहा मिनिटं वाचवायची घाई आहे, तो चाळीस वर्षं टिकलेला गिअरबॉक्स दहा सेकंदांत फोडतो. मी हे एकदा नाही, खूपदा पाहिलंय.

आता लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीबद्दल. लावा, माझी काही हरकत नाही, पण दोन सेलचीच. आपली जुनी निकेल-कॅडमियम १२०० मिलीअँपिअर-तासांची असायची, मोटर मंदावली की कळायचं बॅटरी संपली. लिपो शेवटपर्यंत जोरात पळते, आणि प्रति सेल ३ व्होल्टच्या खाली गेली की कायमची बिघडते, फुगते. मेकॅनिकल कंट्रोलरला ती थांबवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरलाही बॅटरी कुठली ते सांगावं लागतं. स्वस्तातल्यांवर त्यासाठी एक चिमुकला जंपर असतो, तो चुकीच्या जागी असला तर संरक्षण शून्य. चौकोनी लिपो जुन्या चॅसीत बसत नाही म्हणून करवतीनं चॅसी कापणारे पाहिले की माझा जीव तुटतो. गोलाकार कडांच्या लिपो मिळतात. नाहीतर निकेल-मेटल हायड्राइड वापरा. ती चॅसी पुन्हा बनत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. जुने टायर शर्यतीला नकोत, रबर लाकूड झालेलं असतं, ते कपाटात ठेवा. मोटर बदलण्याआधी प्लास्टिकचे बुश काढून बॉल बेअरिंग घाला. शॉकमध्ये शिलाई मशीनचं तेल नको, सिलिकॉन तेलच हवं, नाहीतर रबरी रिंगा फुगतात. चाकं धरणारे नायलॉनचे आर्म दहा-पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवले की पाणी शोषून पुन्हा लवचिक होतात. एबीएस या कडक प्लास्टिकचे भाग मात्र उकळू नका, वाकतील. हॉर्नेटची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, तिला रंग आतून आणि तोही पॉलिकार्बोनेटचाच. ग्रासहॉपरची कडक प्लास्टिकची, तिला बाहेरून. आणि ग्रासहॉपरमध्ये ब्रशलेस मोटर कुणी सुचवली तर ऐकू नका. तिचा मागचा सगळा गिअरबॉक्सच वरखाली होतो, ताकद वाढली की ती नुसती उड्या मारते.

बगी निवडण्यातही गल्लत होते. लहानपणी दुकानाच्या काचेत जी पाहिली तीच हवी असते, आणि ती बहुधा हॉटशॉट असते. देखणी आहे, पण जड आहे, दुरुस्तीला अवघड आहे. शर्यतीच करायच्या असतील तर त्या काळी शर्यतीत काय जिंकत होतं ते पाहा. १९८५ला कॅलिफोर्नियात डेल मारला पहिली जागतिक स्पर्धा झाली, टू-व्हील ड्राइव्हमध्ये जिंकली असोसिएटेड या अमेरिकी कंपनीची आरसी१०, सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या चॅसीची. १९८७ला इथे इंग्लंडमध्येच रम्झीला क्योशोची अल्टिमा जिंकली, आणि फोर-व्हीलमध्ये जपानचा मासामी हिरोसाका, शूमाखर या ब्रिटिश कंपनीच्या कॅटवर. आरसी१० चालवून बघा, वळणात ती कशी बसते ते हाताला कळतं. २०१३ला तिची नवी आवृत्ती निघाली, तामियानंही २००५ला ग्रासहॉपर आणि २००७ला हॉटशॉट पुन्हा काढली. मी पळवतो ती नवी. मामानं आणलेली ग्रासहॉपर फळीवर आहे, तिचा फक्त गिअर बदललाय.

शेवटची गोष्ट बगीची नाही. क्लबात आपली हीट (गटातली छोटी शर्यत) झाली की पुढच्या हीटला आपण मार्शल असतो, उलटलेल्या बग्या सरळ करायच्या. नवे लोक स्वतःची पाच मिनिटं पळवतात आणि बॅटरी चार्ज करायला निघून जातात. मग एका वळणावर कुणीच नसतं, आणि कुणाची तरी बगी पाठीवर पडून चाकं फिरवत राहते. हीट संपली की बगी टेबलावर ठेवा, जॅकेट घाला, आणि तुमच्या वळणावर जाऊन उभे राहा. बॅटरी नंतर चार्ज होईल.